पलीकडचा काठ

१

फर्डिनंड सरांनी जीव दिला, याबद्दल सांडोर गावात कुणाला शंका नव्हती. पुरावे दोन होते. बावखलाच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी ठेवलेल्या त्यांच्या चपला, आणि त्यांनी शेवटी रंगवलेलं चित्र.

बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी वाडवडिलांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीहून मोठं, तलावाहून लहान. १९९६च्या एप्रिलमध्ये सर स्वतःच्याच बावखलात बुडून गेले. ते शाळेत चित्रकला शिकवत. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझी ओळख त्यांच्या मुलीशी, एलिसाशी. सातिवलीच्या ज्या रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते, तिथेच ती ऑफिसात होती.

सर जाऊन तीन वर्षं झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी, ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"विनिताताई, माणूस वेडा होता का, हे त्याच्या रंगांवरून कळतं?"

"नाही."

"मग काय कळतं?"

"रंग कसला आहे, कुठल्या थरावर कुठला थर आहे, एवढंच. का?"

ती स्टुलावर बसली. तिचं लग्न आल्बर्टशी ठरत आलं होतं. आल्बर्टची आई, इझाबेल, अजून हो म्हणत नव्हती. तिने एलिसाच्या घरी ते चित्र पाहिलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं, की असं चित्र ज्याला जायचंय तोच काढतो. वेड रक्तात उतरतं. पुढे नातवंडांचं काय? येत्या रविवारी ती शेवटचं विचारायला येणार होती.

"आल्बर्टचं जाऊ दे," एलिसा म्हणाली. "ते होईल नाहीतर नाही होणार. पण पप्पा आदल्या संध्याकाळी मला म्हणाले होते, उद्या लवकर उठ, निळ्या रंगाची एक गंमत दाखवतो. असं बोलणारा माणूस सकाळी जीव देतो? आणि देत असेल, तर मला माझ्या बापाचं काहीच कळलं नव्हतं. एवढंच मला ठरवून पाहिजे."

मी म्हणाले, "चित्र बघते. पण जे दिसेल ते सांगेन. बरं वाटेल असं सांगणार नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

२

चित्र बैठकीच्या खोलीत होतं, काचेच्या जाड चौकटीत. शेजारी गावच्या फुटबॉल संघाचा फोटो. निळ्या जर्सीतली पोरं, आणि मध्ये नारिंगी जर्सीत, चेंडू मांडीवर घेऊन बसलेला गोलकीपर: एलिसाचा थोरला भाऊ जॅक्सन.

एलिसाची आई, फ्लॉसीबाय, चहा घेऊन आली. कपाळावर आठी, हात सतत कामात. तिच्या मागून सरांचे मोठे भाऊ पीटर काका आले. ते शेजारच्याच घरात राहायचे.

"कारखान्याच्या मॅडम ना? बघा, बघा," पीटर काका म्हणाले. "सगळं गाव बघून गेलं. फादर म्हणाले, बायबलातलं गालीलचं सरोवर आहे. आमचा पॉल पेंटर म्हणतो काश्मीर. मी म्हनतो, वरचं आहे हे. पानी आहे, होडी नाय. झाडं आहेत, मानूस नाय. जिथं जायचं होतं तेच रंगवलंन त्याने."

"पीटरभाव, चहा घ्या," फ्लॉसीबाय म्हणाली.

चित्र खरोखर निर्जन होतं. पुढे दूरवर पसरलेलं पाणी. उजवीकडे काट्याकाट्यांच्या पानांची जाळी. पलीकडच्या काठावर काळपट हिरवं, घनदाट रान. त्यामागे धूसर डोंगर आणि राखाडी आकाश. कुठेतरी लांब, माणसाच्या वस्तीपासून दोन दिवसांच्या वाटेवर, असं एखादं सरोवर असावं असंच वाटायचं.

पण पुढच्या पाण्यातून वर आलेल्या एका देठावर चतुर बसला होता. त्याचे पंख सरांनी जाळीसकट रंगवले होते. त्याच्याशी ताडून पाहिलं, तर मधलं पाणी फार रुंद निघत नव्हतं. आणि ती काटेरी पानं केवड्याची होती. केवडा काश्मीरमध्ये होत नाही.

"हे तुमचंच बावखल आहे," मी म्हणाले.

पीटर काका हसले. "मॅडम, बावखल आमच्या जन्मापासून आमच्या दारात होतं. आम्हाला नाय ओळखता येनार?"

"तुम्ही ते कुठून बघायचात?"

"कुठून म्हंजे? वरून. रहाटाच्या ओट्यावरून."

"सर कुठे बसायचे?"

उत्तर एलिसाने दिलं. "सगळ्यात खालच्या पायरीवर. पाय पाण्यात सोडून."

"डोळा पाण्याच्या जवळ नेला, की डबकंही सरोवर दिसतं. वरून बघणाऱ्याला ते कधी तसं दिसणार नाही. मागचा डोंगर तुंगारेश्वरचा आहे. खालून बघितल्यावर मधली घरं आणि वाड्या काठाआड जातात, डोंगर तेवढा उरतो."

पीटर काका चित्राजवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी चहा बशीत ओतला.

"असेल," फ्लॉसीबाय म्हणाली. "म्हणजे जिथे बुडायचं ती जागाच रंगवली त्यांनी. त्यात काय वेगळं झालं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. जागा कळल्याने कारण कळत नव्हतं. मी पुन्हा चित्राकडे वळले, आणि या वेळी फक्त पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठाखाली, डावीकडे, पाण्यात लालसर पट्टा होता. त्याला चिकटून पिवळा डाग. आणि शेजारी नारिंगी रंगाचा एक छोटा, लांबट फटकारा.

"हे काय आहे?"

"सूर्योदय," पीटर काका म्हणाले.

"आकाशात लाली नाही. मग पाण्यात कुठून आली?"

प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, इकडेतिकडे सरकत नाही. मी पट्ट्यावरून बोट सरळ वर काठावर नेलं. तिथे नुसती काळपट झाडं होती.

पाण्यात जे दिसत होतं, ते काठावर नव्हतंच.

३

चौकट पॉलने केली होती. त्याचं पाट्या रंगवण्याचं दुकान गावाच्या नाक्यावर होतं, आणि तो सरांचा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्या दिवशी एलिसा चित्र उचलून त्याच्याकडे घेऊन आली. आईला सांगितलं, काचेच्या आत बुरशी धरतेय, बदलून आणते.

"बुरशी धरणारच," पॉल म्हणाला. "ऑइलच्या चित्राला काच लावतात का कुणी? मी तेव्हाच सांगितलं होतं. पण फ्लॉसीबाय ऐकेना. काच पाहिजे म्हणजे पाहिजे. कुणी हात लावेल म्हणे."

"चित्र तुमच्याकडे आलं तेव्हा असंच होतं?"

"अगदी असंच. सर गेल्यानंतरच्या आठवड्यात आलं." त्याने चौकट उलटी करून खिळे काढायला सुरुवात केली. "खरं सांगू? मला पलीकडची झाडं आवडली नव्हती. बाकी चित्राला चमक आहे, तिथे मेलेला रंग. म्हटलं, मन थाऱ्यावर नसेल, टर्पेंटाइन जास्त पडलं असेल. मेलेल्या मित्राच्या चुका काय काढायच्या?"

"तुम्ही त्यावर काही रंगवलंत?"

त्याने मान वर केली. "मॅडम, मी पाट्या रंगवतो. दुकानाचं नाव पुसून दुसरं घालतो. पण सरांच्या चित्रावर हात? तो मला झोपेत येऊन मारील."

काच निघाली. मी झाडांजवळ भिंग धरलं. सरांचा ब्रश चित्रात सगळीकडे आडवा-उभा ओळखू येत होता. एक एक पान त्यांनी ओढलं होतं. पलीकडच्या रानात मात्र ब्रशची एकही रेघ नव्हती. नुसते ठिपके, जाळीदार, एकमेकांवर दाबलेले.

मी पिशवीतून कापूस काढला आणि लगेच आत ठेवला. आधी एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"पॉलभाऊ, बावखल कधी बुजवलं?"

"सर गेल्यावर. महिन्याभराने. पीटरच म्हणाला, भाऊ गिळला त्या पाण्याने, आता डोळ्यांसमोर नको."

घरी पीटर काकांनीही एलिसाला नेमकं हेच सांगितलं होतं. सगळं गाव हेच सांगत होतं. मी एलिसाला विचारलं, "सरांच्या चपला कुठे आहेत?"

४

चपला एलिसाच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. पोलिसांनी पंचनाम्यानंतर त्या परत दिल्या, तेव्हापासून तिने गाठ सोडली नव्हती.

"धुतल्या नाहीस?"

"नाही. मला हात लावता आला नाही."

आम्ही तिच्या खोलीत, दार लोटून बसलो. मी चपला वर्तमानपत्रावर उलट्या ठेवल्या. रबरी तळ, खाचांमध्ये वाळलेली माती घट्ट बसलेली. मी पिनेने थोडी खरवडली.

सांडोरची माती करडी. वाडीत, पायऱ्यांवर, वाटेवर, सगळीकडे तीच. चपलेतून निघालेली माती तांबडी होती, बारीक खड्यांची.

"हा मुरूम," मी म्हणाले. "भरावाचा. डोंगराकडून डंपरने येतो. तुमच्या गावात आपोआप कुठे मिळतो का?"

"नाही."

"त्या सकाळी सर घरातून निघाले, सरळ पायऱ्यांवर गेले, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले, असं सगळे सांगतात. तसं असतं तर तळाला करडी माती असती. हे पाय मुरमावरून चालून आलेत. पण मुरूम तर महिन्याभराने आला."

एलिसाने कागदावरच्या त्या चिमूटभर मातीकडे पाहिलं.

"म्हणजे तो आधीच आला होता," ती हळू म्हणाली.

"आणखी एक. सर सापडले कुठे?"

"पलीकडच्या काठाला. पीटर काकांनी काढलं."

"पाणी वाहतं नव्हतं. पायऱ्यांवरून बुडालेला माणूस पायऱ्यांपाशीच मिळाला असता. सर पलीकडे गेले होते, चपला घालून. बुडाले तेही पलीकडेच. मग चपला अलीकडे कशा आल्या?"

ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. पलीकडे, पूर्वी बावखल होतं तिथे, आता कंपाउंडची भिंत होती. आत गवत आणि विटांचा ढीग.

"कुणीतरी आणून ठेवल्या," ती म्हणाली. "नीट जोडून."

"हो."

"ताई, चला. ती झाडं पुसू या."

५

पॉलने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. चित्र टेबलावर आडवं होतं. मी कापूस साध्या पाण्यात भिजवला.

"पाण्याने काय होणार?" पॉल म्हणाला. "ऑइलला पाणी लागत नाही."

"ऑइल असेल तर काही होणार नाही."

मी काठावरच्या झाडांवरून, अगदी कडेला, कापूस फिरवला. कापूस हिरवा झाला.

पॉलने स्वतः बाटलीतून पाणी ओतून दिलं. तैलरंगावर कुणीतरी डिंकातले पाण्याचे रंग थापले होते. रंगाची थोडी जाण असलेला माणूस असं करणार नाही, आणि ज्याला जाण नाही त्याला मिश्रण जमणार नाही. मग काचही हवीच. समुद्राची हवा लागली असती तर पहिल्याच पावसाळ्यात झाडं ओघळली असती.

मी हळूहळू पुसत गेले. रानाच्या खालून तांबडा ढीग वर आला. थेट पाण्यात उतरलेला. ढिगावर मागचा फाळका उघडलेला पिवळा डंपर. डंपरच्या बाजूला हात वर करून, 'येऊ दे, येऊ दे' अशी खूण करणारा एक माणूस, अंगठ्याएवढा. सरांना समोर दिसेल ते सोडता येत नसे. त्यांनी सकाळमागून सकाळ तिथे बसून आपलं बावखल रंगवलं होतं, आणि शेवटच्या काही सकाळी त्यात जे जे घडत होतं तेही.

माणसाच्या अंगात नारिंगी जर्सी होती.

"संघाची जर्सी निळी आहे," पॉल म्हणाला आणि मध्येच थांबला.

गावात नारिंगी जर्सी एकच होती.

"त्याने झाकलं?" पॉलने विचारलं. "जॅक्सनने? त्याला सरळ रेघ ओढता येत नाही."

मी एलिसाकडे पाहिलं. ती चित्रातल्या जॅक्सनकडे पाहत नव्हती. तिने उरलेल्या झाडांवर, अजून न पुसलेल्या जाळीदार ठिपक्यांवर, बोट ठेवलं होतं. तिचा चेहरा इतका स्थिर होता की मला भीती वाटली.

"हे घोसाळ्याने केलंय," ती म्हणाली. "वाळलेल्या घोसाळ्याची जाळी रंगात बुडवायची आणि दाबत जायचं. नाताळचा गोठा करताना मागचं रान आम्ही असंच करतो. डिंक, पुडीचा रंग आणि घोसाळं. पप्पा हसायचे. म्हणायचे, ही झाडं की गोवर?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी लहान होते तेव्हा बाजूला बसायचे," एलिसा म्हणाली. "गोठा मम्मी करते."

६

फ्लॉसीबाय स्वयंपाकघरात मासळी साफ करत होती. जॅक्सन ओट्याला टेकून चहा पीत होता. एलिसाने चित्र टेबलावर ठेवलं, तांबडा ढीग आणि नारिंगी ठिपका वर करून.

फ्लॉसीबायने हात धुतले, पुसले, खुर्ची ओढली आणि बसली.

"कशाला उकरलंस गे?" ती म्हणाली.

"कसं झालं ते सांग."

"तू सांग," फ्लॉसीबाय मुलाला म्हणाली. मग स्वतःच पुढे बोलली, "नको. तो नीट सांगणार नाही."

पण जॅक्सन बोलला. जागा बांधायला मोकळी व्हावी म्हणून भरावाचं काम त्याने घेतलं होतं. पीटर काकांचा होकार होता, बापाचा नव्हता. वाटेवरून कुणाला दिसू नये म्हणून केवड्याच्या आडून, रोज पहाटे एखाददुसरी खेप. थोडं भरलं की बाप गप्प बसेल, असा हिशेब. त्या सकाळी डंपर खेप टाकून गेला आणि तो फावड्याने पसरत होता.

"पप्पा फिरून आले. ओरडत नव्हते. मला म्हणाले, बाबा, इथे पाय देऊ नकोस, कच्चं आहे. मी म्हटलं, तुम्ही घरी जा. तर तेच पुढे आले, फावडं घ्यायला. आणि ढीग गेला."

मी त्याला जे माहीत नव्हतं ते सांगितलं नाही. पायथ्याला पाणी असलं, की ओला मुरूम उभा राहत नाही. वरून माणूस चालला की खालून सरकतो. सरांना ते माहीत असावं. आधी ते मुलालाच बाजूला करायला आले होते.

"मग?"

"मी उतरलो. शोधलं. हाताला चिखलच येत होता. मग घरी आलो."

"पीटर काकांचं घर हाकेवर होतं," एलिसा म्हणाली. "हाक मारलीस?"

जॅक्सनने कप मोरीत ठेवला.

"मारलीस का?"

"मी सांगितलं नको म्हणून," फ्लॉसीबाय म्हणाली. "तो आला तेव्हा खूप वेळ झाला होता."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ बघत होते? गुडघ्यापर्यंत लाल पोरगा दारात उभा. मला कळलं काय झालं ते. नवरा गेलाच होता. पोरगाही देऊ? पोलीस काय म्हणाले असते? बापलेकांचं भांडण होतं, गावाला माहीत होतं. मी जर्सी धुतली. ह्याला सातिवलीला पाठवला, गोडाऊनवर, म्हणजे सकाळपासून तिकडेच होता असं सांगता येईल. चपला ढिगावर राहिल्या होत्या, त्या उचलून पायऱ्यांवर ठेवल्या. संध्याकाळी चित्र बघितलं, तर त्यात हा उभा. हात वर करून."

"जाळलं का नाही?" मी विचारलं.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांचं शेवटचं होतं, मॅडम. तुम्ही जाळलं असतंत?"

मी चित्राकडे पाहिलं.

"आणि मग लोक येऊन बघायचे. म्हणायचे, बिचारा, मनाने किती एकटा होता. मी म्हटलं, म्हणू देत. मेलेल्याला नाव ठेवलं तर त्याचं काय जातं?"

"आणि माझं?" एलिसाने विचारलं. "तीन वर्षं मी वेड्याची मुलगी होते. इझाबेल मावशीने इथे बसून मला विचारलं, तुला रात्री झोप लागते का म्हणून. तू शेजारी बसली होतीस, मम्मी."

फ्लॉसीबायने टेबलावरचा ओला डाग बोटाने पुसला.

"तू शहाणी आहेस. तुला नोकरी आहे. मला वाटलं, तू निभावून नेशील. ह्याला नसतं जमलं."

७

रविवारी एलिसाने मलाही बोलावलं होतं. इझाबेल आली, मागून आल्बर्ट. फ्लॉसीबायने सणासुदीचं इंदेल नाही, तरी चांगला मसाला वापरून मटण केलं होतं. चित्र भिंतीवर नव्हतं. ते पॉलकडे होतं; उरलेली झाडं तो स्वतः पुसणार होता.

"चित्र काढलंत ते बरं केलंत," इझाबेल म्हणाली. "त्यातला तो लाल पट्टा बघून मला कसंतरीच व्हायचं. हे बघा, मी उगाच घोळवत बसत नाही. आल्बर्टला एलिसा आवडते, मलाही आवडते. एकच विचारते. फर्डिनंड सरांना आजार होता का? म्हणजे मनाचा? खरं सांगा, मी पाठ फिरवणार नाही. औषधं असतात, प्रार्थना असते."

जॅक्सन दाराच्या चौकटीत उभा होता. फ्लॉसीबायने त्याच्याकडे पाहिलं, मग एलिसाकडे. आम्हाला आता सगळं माहीत आहे, हे फ्लॉसीबायला माहीत होतं. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता.

"होता," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं."

एलिसाने हातातला डबा खाली ठेवला. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. ऑफिसात फोनवर बोलते तशा सुरात तिने सांगितलं.

"माझे पप्पा वेडे नव्हते, मावशी. त्यांनी जीव दिला नाही. माझ्या भावाने टाकलेला भराव खचून ते बुडाले. भाऊ पळून आला. माझ्या आईने चपला उचलून पायऱ्यांवर ठेवल्या, म्हणजे लोकांना वाटावं त्यांनी जीव दिला. तुम्ही बघितलेला लाल पट्टा तोच भराव. उद्या मी पोलिसांत जाऊन हेच सांगणार आहे."



"येशू, मरिया," इझाबेल म्हणाली. तिने पर्स उचलली. "म्हणजे पोराने बापाला..."

"मारलं नाही. सोडून आला."

"तेच ते." ती उठली. आता तिच्या आवाजात खरं दुःख होतं, आणि म्हणून ते ऐकायला जास्त वाईट होतं. "मी आजार समजून घेतला असता गे. अगदी आत्महत्याही समजून घेतली असती. पण ह्या घरातली पोर सून म्हणून न्यायची म्हणजे... उद्या केस उभी राहणार, पेपरात येणार. आल्बर्ट, ऊठ."

"मम्मी, थांब ना जरा," आल्बर्ट म्हणाला.

"ऊठ म्हटलं ना."

त्याने एलिसाकडे पाहिलं. मग त्याने स्कूटरची किल्ली खिशातून काढली, आणि आईच्या मागे गेला.

"झालं समाधान?" फ्लॉसीबाय म्हणाली. ती एलिसाला विचारत होती की मला, ते कळलं नाही. "एका शब्दाने लग्न झालं असतं. मी तुझ्यासाठीच बोलले."

"नाही मम्मी. तू ह्याच्यासाठी बोललीस. परत."

तिने टेबलावरच्या ताटांवर झाकणं घातली. हात स्थिर होते. मला वाटलं होतं, सत्य कळल्यावर तिला हलकं वाटेल. मी प्रयोगशाळेत हेच बघत आले आहे, की शंका संपली की काम पुढे सरकतं. तिच्याकडे पाहिल्यावर कळलं, की शंका होती तोवर तिला निदान आई आणि भाऊ होते.

"पुढच्या रविवारी चर्चमध्ये पप्पांसाठी मिस्सा सांगितली आहे," ती म्हणाली. "फादरना सांगितलंय, अपघाती मृत्यू असं वाचा. मोठ्याने."

जॅक्सन दारातून हलला नव्हता.

"मी येऊ?"

एलिसाने थोडा विचार केला.

"ये. पण मागे उभं राहायचं नाही. पहिल्या बाकावर बसायचं, सगळ्यांना दिसशील असं."

फ्लॉसीबायने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. ती दर रविवारी पहिल्याच बाकावर बसायची.